तो फार लांब राहतो

मुलांना ‘सर्वसमावेशक’ करून सोडण्याचा हंगाम सध्या जोरात आहे. अबॅकस झालं, वैदिक गणित झालं, हस्ताक्षर सुधारणा झाली, कोडिंगही झालं. आता विविधता, समावेश आणि आपलेपणा. रविवारी सकाळी अकरा ते एक, सोसायटीच्या क्लबहाउसात, चहा-बिस्किटांसह. पडद्यावर पाच रंगांचे पाच हात एकमेकांत गुंफलेले असतात. आई-वडील मान डोलावत वहीत लिहून घेतात. पोरं मागच्या रांगेत मोबाइलवर. आणि त्यातल्या सगळ्यात धाकट्याला सांभाळायला आणलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी दाराबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसलेली असते, कारण खुर्च्या नोंदणी केलेल्यांसाठी आहेत.

ती वर आली तीही दुसऱ्या लिफ्टने. त्या लिफ्टच्या दारावर लॅमिनेट केलेली पाटी आहे: ‘घरकाम करणाऱ्या महिला, वाहनचालक, डिलिव्हरी बॉय व पाळीव प्राणी यांनी याच लिफ्टचा वापर करावा. आदेशावरून, व्यवस्थापकीय समिती.’ पाळीव प्राण्यांवरून पुढे वाद झाला. कुत्रेवाल्या सभासदांनी सर्वसाधारण सभेत आवाज चढवला, प्राण्यांचे हक्क काढले, एकाने तर राज्यघटना काढली. कुत्र्यांना पहिल्या लिफ्टची मुभा मिळाली, पट्टा बांधण्याच्या अटीवर. उरलेल्या तिघांच्या वतीने कोणी बोललं नाही. ते सभासद नाहीत.

पहिलीतलं पोर जोडाक्षरं लावून वाचायला लागलं की घराबाहेर रोज वाचायला मिळणारा पहिला मजकूर हाच. ‘व्य-व-स्था-प-की-य.’ आई कौतुकाने म्हणते, “शाब्बास!” आणि पहिल्या लिफ्टचं बटण दाबते.

यावर उपाय म्हणून पुस्तकं मागवली जातात. गुळगुळीत कागदाची, जाड पुठ्ठ्याची, सातही खंडांतली मुलं हातात हात घालून गोल उभी असलेली. सावळी बाहुली मागवतात. तिला छान नाव ठेवतात. शाळेत ‘जागतिक संस्कृती दिन’ असतो, तेव्हा भाड्याचा पोशाख आणून चिरंजीवांना मसाई योद्धा करतात. हातात पुठ्ठ्याचा भाला. केनियाची राजधानी नैरोबी, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जी वस्ती आहे तिचं नाव मात्र विचारू नका. त्या बाजूच्या खिडक्यांना पडदे आहेत.

खरं तर या दुखण्यावर आपल्या देशाने एक फुकटचा इलाज काढून ठेवला आहे. शिक्षण हक्क कायदा (आरटीई), 2009. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 (1) (सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटांतल्या, जवळपास राहणाऱ्या मुलांना द्यायच्या. संस्थाचालक सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 एप्रिल 2012 रोजी न्यायालयाने कायदा उचलून धरला. फक्त अल्पसंख्याकांच्या विनाअनुदानित शाळांना वगळलं, आणि मग काही संस्थांना आपण अल्पसंख्याक आहोत हे एकाएकी आठवलं, तो वेगळा विषय.

काय सुंदर तरतूद आहे पाहा. प्रवेश सोडतीने. मुलाची मुलाखत नाही, देणगी नाही, बापाचं व्हिजिटिंग कार्ड नाही. क्लबहाउसात स्लाइडवर दाखवतात ते सगळं, म्हणजे एका बाकावर बसणं, डब्यातलं वाटून खाणं, भांडणं, कट्टी, बट्टी, हे याच कायद्याने ठरवलेल्या किमान दिवसांच्या हिशेबाने पहिली ते पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस. तेही बिनपैशाने, प्रशिक्षिकेशिवाय.

आपण काय केलं? तर एक नवी जात काढली. ‘आरटीईवाला.’ चार हजार जाती पुरल्या नाहीत आपल्याला. “आमच्या वर्गात सात आरटीईची आहेत,” असं आया एकमेकींना दबक्या आवाजात सांगतात. मग सहलीचा वेगळा हिशेब, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचा वेगळा हिशेब, आणि व्हॉट्सअॅपवर ‘थर्ड बी ओन्ली मॉम्स’ नावाचा ग्रुप, ज्यात तिसरी ब मधल्या सगळ्याच मॉम्स नसतात. सरकार शुल्काची प्रतिपूर्ती थकवतं, ही संस्थाचालकांची ओरड खोटी नाही. पैसे वेळेवर मिळायलाच हवेत. पण पालकांचं सरकारने काय थकवलं होतं?

मग 9 फेब्रुवारी 2024 रोजी राज्य सरकारने अधिसूचना काढली. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या 25 टक्क्यांतून सुटका. म्हणजे गरिबाच्या पोराला जवळ सरकारी शाळा असताना तुमच्या पोराशेजारी बसायची गरज काय, असा साधा सरळ विचार. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, 19 जुलैला अधिसूचना रद्द केली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. या पाच-सहा महिन्यांत न्यायालयात झगडले ते वंचित मुलांचे पालक आणि त्यांच्यासोबतचे कार्यकर्ते. उरलेल्या 75 टक्क्यांतल्या पालकांनी ‘आमच्या मुलांचा वर्ग आम्हाला मिश्र हवा आहे’ म्हणून कुठे फलक धरल्याचं माझ्या पाहण्यात नाही. शाळेच्या बसचं भाडं वाढलं तर हेच लोक गेटवर ठिय्या देतात.

आता वाढदिवस. खरी परीक्षा तिथे असते.

तिसरीतल्या पोराने स्वतःच्या हाताने यादी केलेली असते. चौदा नावं, त्यातली चार चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाची. आई यादी घेऊन बसते. पहिली पाच नावं झरझर पुढे जातात. त्यांच्या आया ग्रुपवर आहेत. सहाव्या नावाशी पेन थांबतं.

“हा कोण रे?”

“माझ्या बाकावर बसतो. गोलकीपर आहे.”

“हां... तो. अरे, पण तो फार लांब राहतो ना. रात्री परत कसा जाणार बिचारा?”

“आई, तो चालत येतो शाळेत. आपण बसने जातो.”

पोराचं भूगोलाचं ज्ञान बिनचूक आहे. तो मुलगा कायद्यानेच जवळ राहतो. शाळेपासून एक किलोमीटरच्या आत घर असल्याचा पत्ता, भाडेकरार, वीजबिल असली कागदपत्रं जोडल्यावर त्याला अग्रक्रमाने प्रवेश मिळालेला आहे. लांब कोण राहत असेल तर ही आई. पण तिने पोराशी वाद घातला नाही, जातीचं नाव काढलं नाही, वस्तीचं काढलं नाही, ‘असली मुलं’ असंही म्हणाली नाही. सुशिक्षित बाई आहे. तिने फक्त अंतर वाढवून दिलं. पोराला तेवढं पुरतं. पुढच्या वर्षीच्या यादीत ते नाव येणारच नाही, आणि आई म्हणेल, “बघा, मुलांचे आपसूकच ग्रुप पडतात.”

आपसूक काही पडत नाही. याचा पुरावा दिल्लीत आहे. तिथल्या सवलतीची जमीन घेतलेल्या बड्या खासगी शाळांना 2007 पासून गरीब घरांतली मुलं घ्यावी लागली. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने या शाळांचा अभ्यास केला. तो 2019 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुलं होती आणि ज्यांच्या वर्गात नव्हती, त्यांची तुलना. त्यातला एक प्रयोग तर झकास होता. रिले शर्यत लावली. जोडीदार निवडायचा: एकीकडे गरीब घरातला, पण जोरात पळणारा, दुसरीकडे आपल्यासारख्याच घरातला, पण हळू पळणारा. शर्यत झाली की जोडीदाराबरोबर थोडा वेळ खेळायचं, हे आधीच सांगितलेलं. बऱ्याच मुलांनी हरणं पत्करलं, पण ‘आपला’ घेतला. बक्षिसाची रक्कम वाढवत नेली तसा हा सोवळेपणा उतरत गेला. पैशापुढे कसलं सोवळं! पण ज्यांच्या वर्गात आधीपासून गरीब मुलं होती, त्यांना बक्षीस वाढवून द्यायची फारशी गरज पडली नाही. त्यांनी जोरात पळणारा घेतला. शिवाय ही मुलं जास्त देती निघाली, परोपकाराच्या कामाला जास्त पुढे आली. कोणी व्याख्यान दिलेलं नव्हतं. एका वर्गात होती, बस्स.

खोटं कशाला बोला, त्याच अभ्यासात एक तोटाही निघाला. श्रीमंत मुलांचे इंग्रजीचे गुण किंचित घसरले. हिंदी आणि गणितात फरक नाही. मला खात्री आहे की हा परिच्छेद वाचणाऱ्या पालकांच्या डोक्यात यातलं एकच वाक्य राहील, आणि ते गणिताबद्दलचं नसेल.

‘तारे जमीन पर’ 2007 चा. तो पाहताना न रडलेला मराठी पालक मला अजून भेटायचा आहे. 2025 मध्ये ‘सितारे जमीन पर’ आला, तेव्हा रुमाल पुन्हा ओले झाले. आणि दोन्ही चित्रपटांच्या मधल्या अठरा वर्षांत पालकसभेत ऐकू येणारं वाक्य तेच राहिलं: “आमचा विरोध नाही हो, पण त्या मुलामुळे आमच्या मुलीचं लक्ष लागत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या शाळा असतात ना?” असतात. पण 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो की शेजारच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, हे त्या मुलाने ठरवायचं. तुमच्या मुलीच्या लक्षाने नव्हे. राहिला प्रश्न सोसायटीतल्या रॅम्पचा. तो आहे, नियमाप्रमाणे आहे, आणि त्यावर तीन अॅक्टिव्हा उभ्या आहेत.

जातीचं म्हणाल तर आमच्याकडे जातपात मुळीच पाळत नाहीत. आम्ही फक्त आडनाव विचारतो. आडनावावरून पत्ता लागला नाही तर मूळ गाव विचारतो, गावावरून नाही लागला तर “त्यांच्यातले कोण तुमचे?” असं विचारतो; आणि लागला की सैल होऊन मागे टेकतो. पोरगं बाजूला लेगो खेळत असतं. ते खेळत असतं असं आपल्याला वाटतं. ‘सैराट’ 2016 मध्ये आला, अख्खा महाराष्ट्र दोन-दोनदा बघून आला. शेवटच्या दृश्यातलं ते घराबाहेर चालत येणारं चिमुकलं पोर आम्ही थिएटरातच सोडलं आणि ‘झिंगाट’ तेवढं घरी आणलं. आता ते स्वजातीय वधू-वर मेळाव्यातही वाजतं. स्टेजवर फक्त पोटजातीचा बॅनर असतो.

हे सगळं लिहिलं की कोणीतरी म्हणणारच, “अहो, हा शाहू-फुले-आंबेडकरांचा महाराष्ट्र आहे.” आहेच. 1919 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या आणि ती मुलं सगळ्यांच्या शाळेत बसवायला लावली. त्याआधी पालकांसाठी कार्यशाळा ठेवल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं, एक चूल, एक पंगत, स्वयंपाकाला आणि भांड्यांना पाळीने सगळेच. 1927 मध्ये गांधीजी येऊन गेले. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्र मोडलं. आपण लक्ष्मीबाईंच्या त्यागावर पोरांकडून दहा ओळींचा निबंध पाठ करून घेतो आणि त्याच पोराला डबा घालून देताना बजावतो, “कुणाचं खायचं नाही, कुणाला द्यायचं नाही.” कारण विचारलं तर जंतू. जंतूंना आपल्याकडे फार सामाजिक भान आहे.

त्याच साताऱ्यात 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव नावाच्या मुलाने शाळेत पाऊल ठेवलं. तो दिवस महाराष्ट्रात 2017 पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही संध्याकाळी परत न्यायचं. आणि नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पोरं दरवर्षी त्यावर भाषण करतात. वाक्यं आई लिहून देते, “त्या काळी किती वाईट प्रथा होत्या!” या शेवटासकट. लिहिता लिहिता ती कामाला येणाऱ्या मावशींना चहा देते. मावशींचा कप ओट्याच्या टोकाला, खिडकीत पालथा असतो. दांडी तुटलेला आहे, पण मावशींना तोच आवडतो म्हणे. त्यांना कोणी विचारलं, ते कळायला मार्ग नाही.

एरवी आपल्याला हे काही दिसत नाही. दिसतं ते स्वतःला चटका बसल्यावर. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला ऑफिसची जागा बघायला गेलेल्या एका मराठी बाईंना, मराठी माणसांना इथे जागा देत नाही, असं सुनावण्यात आलं. व्हिडिओ फिरला आणि महाराष्ट्र पेटून उठला. योग्यच होतं. आपल्याच गावात आपल्याला उंबऱ्यावर अडवलं की काय वाटतं, हे त्या आठवड्यात घराघरांत समजलं. पोरांना समजावून सांगायला याहून चांगली संधी नव्हती. पण आठवडा संपला, आणि ‘कोथरूड, दोन बीएचके, फक्त शाकाहारी फॅमिली, बॅचलर नको’ हे जिथल्या तिथे. मुसलमान नाव सांगितल्यावर दलालाचा फोन कसा अचानक रेंजबाहेर जातो, हे तर जाहिरातीत लिहावंही लागत नाही.

आमचे परदेशातले भाऊबंद याबाबतीत फार पुढे आहेत. न्यू जर्सीत मुलाच्या डब्यातल्या लसणीच्या चटणीला वर्गातल्या कोणी नाक मुरडलं की आईसाहेब मुख्याध्यापकांना दोन पानी ईमेल टाकतात, आणि टाकावाच. फक्त पुण्यातल्या आपल्या फ्लॅटचा भाडेकरू बोंबील तळतो म्हणून त्याला काढायचा ईमेल त्याच लॅपटॉपवरून जाऊ नये, एवढीच विनंती. 2023 मध्ये कॅलिफोर्नियात भेदभावविरोधी कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करणारं विधेयक मंजूर झालं, तेव्हा ‘इथे जात नाहीच, मग कायदा कशाला’ असा ओरडा भारतीयांच्याच काही संघटनांनी केला. गव्हर्नरांनी ऑक्टोबरात त्यावर नकाराधिकार वापरला. जातीला व्हिसा लागत नाही, हे त्यांना सांगायला तिकडे आपली माणसं पुष्कळ होती. ती दोन्ही बाजूंना होती, हे मात्र कबूल करायला हवं.

तेव्हा पालकहो, पोरांना कार्यशाळेला घालू नका. पोरांचं काही बिघडलेलं नाही. त्यांनी गोलकीपर निवडलाय तो चेंडू अडवतो म्हणून. तुम्ही यादी तपासायला घेऊ नका. वाढदिवसाला अख्खा वर्ग बोलवा, केक पुरला नाही तर मोठ्यांनी खाऊ नका. घरातला तो दांडी तुटलेला कप फेकून द्या. नवा वेगळा कप आणू नका.

आणि लिफ्टवरच्या पाटीचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ यात ढकलू नका, आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्या. सभासद येणार नाहीत, याची काळजी नको. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होते, आणि मग त्याच जागी भरणाऱ्या सभेला गणपूर्तीची अट नसते.